पार्श्वभूमी : रशियन लोककथा आणि मुलांचा ऑपेरा

मॉस्कोत २१ नोव्हेंबर १९६५ रोजी मुलांसाठीच्या एका नव्या संगीत नाट्यसंस्थेचा पहिला प्रयोग झाला. तो होता मिखाईल क्रासेव यांचा ‘मोरोझ्को’ हा ऑपेरा. सावत्र आईच्या हट्टापायी ऐन हिवाळ्यात जंगलात सोडून दिलेली मुलगी, फांद्या कडाकड वाजवत या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत येणारा हिमपुरुष आणि ‘ऊब आहे ना गं तुला, पोरी?’ हा त्याचा पुनःपुन्हा येणारा प्रश्न, ही कथा रशियातल्या बहुतेक मुलांनी शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. संस्थेच्या संस्थापक नताल्या सात्स तेव्हा ६२ वर्षांच्या होत्या आणि संस्थेला स्वतःची वास्तूही नव्हती. अशा स्थितीत प्रारंभासाठी लोककथाच का निवडली गेली, याचे उत्तर बरेच मागे जाऊन शोधावे लागते.

अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचा आठ भागांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि १८७० मध्ये त्यांतल्या निवडक कथांची मुलांसाठी वेगळी आवृत्ती काढली. या कथा कागदावर उतरल्या तरी मुळात त्या सांगायच्या, किंबहुना अर्ध्या गायच्या कथा होत्या. कोल्हीण कोंबड्याला भुलवते ती साध्या बोलण्याने नव्हे, तर ‘सोनेरी तुऱ्याच्या कोंबड्या, खिडकीतून बाहेर डोकाव, तुला मटार देते’ असे गाणे म्हणून. लांडगा आणि सात करडांच्या कथेत तर सगळे कथानकच आवाजावर उभे आहे. शेळी दाराशी येऊन गाते आणि करडे दार उघडतात. लांडगा तेच शब्द जाड्याभरड्या आवाजात म्हणतो आणि करडे त्याला ओळखतात. मग तो लोहाराकडे जाऊन आपला गळा बारीक घडवून घेतो. शब्द तेच असताना केवळ गळ्याच्या पोतावरून माणूस ओळखणे हा ऑपेराच्या हातचा खेळ आहे, आणि या कथेने तो संगीतकारासाठी आधीच मांडून ठेवला होता.

एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या संगीतकारांनी ही सामग्री वापरली, पण मोठ्यांसाठी. रिम्स्की-कोर्साकोव यांचा ‘स्नेगूरच्का’ १८८२ मध्ये, ‘झार सल्तान’ १९०० मध्ये आणि ‘अमर काश्चेई’ १९०२ मध्ये रंगमंचावर आला. मुलांना हे प्रयोग दाखवले जात असले, तरी ते मुलांसाठी रचलेले नव्हते. मुलांसाठीचा आरंभ रशियन नव्हे तर युक्रेनी आहे, हे येथे नोंदवले पाहिजे, कारण रशियन इतिहासलेखनात ते सहसा तळटिपेत जाते. मिकोला लिसेंको यांनी १८८८ मध्ये, म्हणजे युक्रेनी भाषेवर झारशाहीचे निर्बंध असतानाच, कोल्हिणीच्या घरात घुसून बसलेल्या खोडकर शेळीच्या युक्रेनी लोककथेवर ‘कोझा-देरेझा’ हा छोटा ऑपेरा रचला.

रशियात हे काम अंगावर घेतले ते त्सेझार क्युई यांनी. पेशाने लष्करी अभियंता, तटबंदीशास्त्राचे प्राध्यापक आणि ‘बलाढ्य पाच’ या संगीतकार-मंडळींतले बहुधा सर्वांत जहाल समीक्षक असलेल्या क्युईंनी सत्तरीच्या आसपास मुलांसाठी लिहायला घेतले. ‘हिमवीर’ १९०६ मध्ये याल्टा येथे सादर झाला. पुढे १९१३ मध्ये, धाकट्या वेड्या मुलाच्या लोककथेवरचा ‘वेडा इवानुश्का’ आला. त्यांचे थोरांसाठीचे ऑपेरे आज क्वचितच कोणी ऐकते. या छोट्या रचना मात्र अधूनमधून पुन्हा उभ्या राहतात. त्यांच्यानंतर अलेक्सांद्र ग्रेचानिनोव यांनी ‘तेरेमोक’ ही अनेक प्राण्यांनी मिळून राहिलेल्या घरकुलाची कथा आणि ‘मांजर, कोंबडा आणि कोल्हा’ ही कथा संगीतात बांधली. मॉस्कोतल्या ग्नेसिन संगीतशाळेत त्यांनी मुलांचे गायनवृंद शिकवले होते, त्यामुळे लहान गळ्याला कोणता स्वर सोसतो याची त्यांना प्रत्यक्ष जाण होती. या सर्व रचना मुलांनी स्वतः गाण्यासाठी होत्या: घरात किंवा शाळेत, पियानोच्या साथीवर.

क्रांतीनंतर प्रश्न निराळाच उभा राहिला. १९२० च्या दशकात अनेक सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञांना परीकथाच घातक वाटू लागली. बोलणारे प्राणी आणि राजपुत्र मुलांच्या मनात वास्तवाविषयी गोंधळ निर्माण करतात, असा त्यांचा दावा होता. १९२८ मध्ये लेनिन यांच्या पत्नी व शिक्षणतज्ज्ञ नाद्येझ्दा क्रुप्स्काया यांनी ‘प्रावदा’ या पक्षाच्या दैनिकातून बालकवी कोर्नेई चुकोव्स्की यांच्या ‘मगर’ या काव्यावर केलेली टीका याच वातावरणातली. १९३० च्या दशकात लेखक मॅक्सिम गॉर्की आणि बालकवी सामुईल मार्शाक यांनी परीकथेची बाजू लावून धरली, तेव्हा हा विरोध ओसरला. मारियान कोवाल यांचा ‘लांडगा आणि सात करडे’ हा ऑपेरा १९३९ चा आहे, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

सात्स यांचे काम याच काळात वाढत होते. संगीतकार इल्या सात्स यांची ही मुलगी १९१८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मॉस्कोत मुलांच्या रंगभूमीच्या कामाला लागली. १९३६ मध्ये संगीतकार प्रोकोफिएव यांच्याकडून ‘पीटर आणि लांडगा’ ही मुलांसाठीची वाद्यवृंदाची संगीतकथा लिहवून घेणाऱ्या त्याच. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. श्रमछावणीतली वर्षे संपल्यावर त्यांनी कझाकस्तानातल्या अल्मा-अता येथे मुलांची रंगभूमी उभी केली आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या मॉस्कोत परतल्या. क्युई आणि ग्रेचानिनोव यांच्याहून त्यांची भूमिका मुळातच वेगळी होती. मुलांनी गाण्यापेक्षा मुलांसमोर व्यावसायिक गायकांनी, पूर्ण वाद्यवृंदासह, कोणतीही सवलत न घेता गावे, असा त्यांचा आग्रह होता. ऑपेरात आपल्या संगीत नाटकासारखा गद्य संवाद आणि मध्ये पद असा विसावा सहसा नसतो. सहा वर्षांच्या मुलाला तासभर गायलेलेच संवाद ऐकवायचे, तर कथा त्याला आधीच ठाऊक असणे फार उपयोगी पडते. ‘मोरोझ्को’ने प्रारंभ करण्यात हा व्यवहारी हिशेब नक्कीच असावा.

मराठी वाचकांच्या एका पिढीला यांतल्या बऱ्याच कथा लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून मिळणाऱ्या रंगीत, स्वस्त सोव्हिएत पुस्तकांमुळे परिचित आहेत. त्या पुस्तकांतली शेळीही दाराशी गाणे म्हणत असे, फक्त त्याला चाल नव्हती.

संस्थेला १९७९ मध्ये वेर्नाद्स्की मार्गावर स्वतःची वास्तू मिळाली. छतावर निळा पक्षी आहे, कारण त्या नावाच्या नाटकाला १९०८ मध्ये सात्स यांच्या वडिलांनी संगीत दिले होते. आत एका दालनाच्या भिंती पालेख गावच्या चित्रकारांनी परीकथांच्या प्रसंगांनी रंगवल्या आहेत. दरम्यान, संगीतकार द्मित्री काबालेव्स्की यांनी १९७० च्या दशकात शाळांसाठी आखलेल्या संगीताच्या अभ्यासक्रमात कोवाल यांचा ऑपेरा आला, आणि सोव्हिएत संघभरच्या लहान वर्गांतली मुले बाकांवर बसून पुन्हा स्वतःच करडांची गाणी म्हणू लागली.