ॲबिसिनियन मांजर: नाव आफ्रिकेचं, अंगरखा हिंदी महासागराचा

हर्णैला मासळीचा लिलाव सुरू झाला की टोपल्यांच्या आजूबाजूला मांजरं जमतात. बहुतेक पट्टेरी किंवा काळी-पांढरी. कधीमधी त्यात एखादं असं निघतं, की पाठीवर ना पट्टा ना ठिपका, सगळं अंग सशासारखं भुरकट. त्याचा गळलेला केस उजेडात धरला तर एकाच केसावर फिकट आणि गडद रंग आळीपाळीने दिसतात. असाच अंगरखा घालणारी, भरपूर पैसे मोजून विकत घेतली जाणारी जात म्हणजे ॲबिसिनियन.

नावामागे १८६८ ची लढाई आहे. ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या सम्राटाने काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला सर रॉबर्ट नेपियरची फौज मुंबईहून निघाली, बरोबर हत्तीसुद्धा घेऊन, आणि तांबड्या समुद्रावरच्या झुला या ठिकाणी उतरली. लढाईनंतर तिकडची एक मांजरी इंग्लंडला पोचली. तिचं नावही झुला. १८७४ साली तिचं चित्र छापून आलं आणि जातीला मूळगाव मिळालं. पण त्या चित्रातली झुला आजच्या ॲबिसिनियनसारखी फारशी दिसत नाही, आणि तिच्या पिल्लांपासून आजची घराणी निघाली याचा कागद कुठे नाही.

त्याहून जुना पुरावा हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात आहे. १८३० च्या दशकात तिथे आलेलं पेंढा भरलेलं मांजर पुष्कळसं ॲबिसिनियनसारखं, आणि चिठ्ठीवर मूळ देश लिहिलाय भारत. डीएनएच्या तुलनेतूनही या जातीचे धागे हिंदी महासागराच्या काठाकडे जातात. पुढे इंग्लंडात तिथल्या मांजरांशी संकर झालाच. जहाजावर उंदरांसाठी मांजर ठेवायची रीत जुनी, आणि चौल-दाभोळची गलबतं अरबस्तानापर्यंत जात. म्हणून ही आपल्याच बंदरातून गेली असं म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण कोकणाकडे बोट दाखवणारं काही हाती नाही.

रंगाची गोष्ट मात्र पक्की आहे. मांजराच्या पट्ट्यांचा आराखडा केस उगवण्याआधी, गर्भातच, त्वचेवर आखला जातो. त्यात डीकेके४ नावाच्या जनुकाचा हात असतो, हे २०२१ साली समजलं. हे जनुक बिघडलं की गडद खुणा इतक्या बारीक आणि दाट होतात की डोळ्यांना वेगळ्या दिसतच नाहीत. बदललेली प्रत आईबापांपैकी एकाकडूनच आली तर पायांवर, शेपटीवर पट्टे उरतात. दोघांकडून आली तर तेही जवळजवळ पुसले जातात. ॲबिसिनियनमध्ये दोन्ही प्रती निवडून पक्क्या केल्या आहेत. बंदरावरच्या भुऱ्या मांजराचे पाय पट्टेरी असले, तर त्याच्याकडे बहुधा एकच प्रत आहे.

स्वभावाने ही मांडीवरची मांजर नव्हे. माळ्यावर चढेल, कपाट उघडून पाहील, घरातल्या माणसाच्या मागे मागे फिरेल, पण आवाज फारसा करणार नाही. दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकटं राहणं तिला सोसत नाही. हे सगळं लाडाने आलेलं नसतं. फिनलंडमध्ये पाच हजारांहून अधिक मांजरांच्या पाहणीत चपळाई, भिडस्तपणा अशा गुणांतला जवळपास अर्धा फरक आनुवंशिक निघाला. कोकणातल्या दमट हवेत तिचे आखूड केस सोयीचे पडतात. पर्शियन मांजरीचे लांब केस पावसाळ्यात सांभाळणं म्हणजे रोजचा ताप, शिवाय गजकर्णाची भीती.

निवडक पैदाशीची किंमतही असते. २००७ साली ज्या मांजरीचा जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला, ती सिनॅमन नावाची मांजरी ॲबिसिनियनच होती. तिच्या घराण्यात हळूहळू आंधळं करणारा दृष्टिपटलाचा आजार होता. त्या आजाराची आणि तांबड्या पेशी लवकर फुटून होणाऱ्या रक्तक्षयाची जनुकीय चाचणी आता होते. पिल्लू विकत घ्यायचंच असेल, तर दोन्ही चाचण्यांचे आईबापांचे अहवाल आधी मागून घ्या.