मशीद-वास्तुकला : जगातील रूपे आणि वऱ्हाड

मशीद म्हणजे सजदा करण्याची, अर्थात कपाळ जमिनीला टेकण्याची जागा. अरबी ‘मस्जिद’ या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. त्यात ना घुमट येतो ना मिनार. वास्तू म्हणून मशिदीची गरज किती थोडी असते, ते पाहायचे तर वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्याबाहेरची ईदगाह पाहावी. कपाशीच्या वावराला लागून मोकळे मैदान आणि पश्चिमेला एक भिंत. भिंतीच्या मध्यावर मिहराब म्हणजे कमानीचा कोनाडा, शेजारी दोन-तीन पायऱ्यांचे मिंबर, म्हणजे प्रवचनाची बैठक. छप्पर नाही, दार नाही. त्या भिंतीने दिशा दाखवली की बाकी सगळे आभाळाखाली होते.

ती दिशा मक्केची, म्हणजे किबला. मक्का आणि गाविलगड दोन्ही जवळपास २१.४ उत्तर अक्षांशावर येतात, त्यामुळे वऱ्हाडात किबला जवळजवळ सरळ मावळतीला पडते. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरला तर किंचित उत्तरेकडे. म्हणून इथल्या जुन्या मशिदींची पाठ बंद आणि पश्चिमेला, तर कमानींचे तोंड उगवतीला असते. नमाजी खांद्याला खांदा लावून आडव्या ओळीत, म्हणजे ‘सफ’ धरून, उभे राहतात. साहजिकच मशीद लांबोडकी न होता रुंद आणि उथळ होते. मशीद-वास्तुकलेचा निम्मा इतिहास एवढी रुंद जागा झाकायची कशी, या एका अडचणीभोवती फिरतो.

मदिनेतील पैगंबरांच्या मशिदीत (इ.स. ६२२ नंतर) खजुराची खोडे खांब म्हणून उभारली होती आणि वर झावळ्या होत्या. दमास्कसची उमय्या मशीद (७०६–७१५) आणि स्पेनमधील कोर्दोबाची मशीद (आरंभ ७८५) यांनी खांब वाढवत नेण्याचा मार्ग धरला. कोर्दोबाला हाताशी आलेले जुने रोमन खांब आखूड पडले, म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान अशी दुमजली रचना केली आणि छत उंच नेले. अडचणीतून निघालेला हाच तोडगा आज त्या वास्तूची ओळख आहे. इराणने चौकाच्या चार बाजूंना चार भव्य कमानी-दालने ठेवली. इस्फहानची शाह मशीद (आरंभ १६११) त्याचा ठळक नमुना. उस्मानी तुर्कांनी खांबांची गर्दीच नको म्हटले. सिनान या स्थपतीने एदिर्ने येथील सेलिमिये मशिदीत (१५६८–१५७५) सुमारे ३१ मीटर व्यासाचा एकच घुमट आठ आधारांवर तोलला. चीनमधील शीआनची मशीद लाकडी, उतरत्या छपरांची आहे; दुरून ती तिथल्या मंदिरासारखीच दिसते.

वऱ्हाडी माणसाला सगळ्यांत जवळची वाटावी अशी मशीद मात्र पश्चिम आफ्रिकेत आहे : माली देशातील जेन्ने गावची. सध्याची इमारत १९०७ सालची, पूर्ण मातीची. भिंतींतून ताडाच्या लाकडाचे ओंडके बाहेर डोकावतात. ते शोभेचे वाटतात, पण मुख्य काम परांचीचे. त्यांच्यावर उभे राहून दरवर्षी सारा गाव भिंती लिंपतो. बायका पाणी आणतात, पोरे चिखल वाहतात. पांढऱ्या मातीच्या गढ्या ढासळताना पाहिलेल्या आणि दिवाळीआधी घर पोतारणाऱ्या कोणाला हे समजावून सांगावे लागणार नाही. लिंपण थांबले की मातीची भिंत पावसाळे मोजू लागते.

भारतात प्रश्न कमानीचा होता. दिल्लीच्या कुतुब परिसरातील मशिदीच्या पहिल्या पडद्याच्या, म्हणजे दर्शनी भिंतीच्या, कमानी (११९० चे दशक) दिसायला कमानी आहेत. प्रत्यक्षात आडवे दगड एकमेकांपुढे थोडेथोडे सरकवून त्या साधल्या आहेत. पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून धरतात ती खरी कमान तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. दख्खनमध्ये बहमनी काळात गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशिदीने (१३६७) चौकसुद्धा झाकून टाकला. बहमनींच्या चार तरफांपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, वऱ्हाड एक, त्यामुळे ही विद्या इकडे पोचायला वेळ लागला नाही.

गाविलगड (चिखलदऱ्याजवळ, जि. अमरावती) हे तिचे वऱ्हाडातील सर्वांत बोलके ठिकाण. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार किल्ला अहमदशहा वली बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाही घराण्याचा संस्थापक फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ च्या सुमारास डागडुजी केली. गडावरच्या मोठ्या मशिदीला सात कमानींचे दर्शनी अंग आहे. त्यामागे तीन ओळींत चौकोनी खण पाडलेले होते आणि प्रत्येक खणावर स्वतंत्र घुमट. मागचा भाग कोसळला आहे, टोकाची छत्री तिच्या दगडी जाळ्या आणि रुंद छज्जासह उभी आहे. पडझड वाईटच, पण शिकणाऱ्याला अखंड इमारतीपेक्षा ती जास्त सांगते. एकच मोठा घुमट असता तर एका तडाख्यात सगळे छत गेले असते. इथे एक ओळ गेली तरी पुढची तग धरून आहे.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे? कोपऱ्यांत तिरक्या छोट्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन करतात, मग गोल. गंमत अशी की लोणारच्या दैत्यसूदनासारख्या ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्या देवळांच्या परंपरेतही छत झाकताना कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून पोकळी लहान करत नेण्याची पद्धत आहे. तिथे कमान नाही, दगडाचे वजन फक्त खाली जाते. घुमटात ते बाजूलाही रेटते, म्हणून जाड भिंत आणि भक्कम चुना लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात खुदावंदखान महदवी याने बांधलेल्या दोन लहान मशिदी आहेत : साखरखेर्डा, ऊर्फ फत्तेखेर्डा येथील १५८१ ची आणि रोहिणखेडची १५८२ ची. साखरखेर्ड्याचे दुसरे नाव १७२४ च्या लढाईनंतर निजामाने दिले. रोहिणखेडही रणभूमीच. इतिहासाची पुस्तके लढायांपाशी थांबतात आणि या दोन वास्तू एका ओळीत उरकतात, हे बरोबर नाही. नरनाळा किल्ल्यावरही (जि. अकोला) मशिदींचे अवशेष आहेत, तिथले मोठे आकर्षण मात्र १४८७ चा महाकाली दरवाजा. इमादशाहीची राजधानी अचलपूर, पण तिथे वस्ती नांदती राहिल्याने जुन्यावर नवे चढत गेले.

खेड्यातल्या चालू मशिदींचेही तेच. वऱ्हाडी बोलीत ज्याला ‘मज्जीद’ म्हणतात ती बहुधा जुन्या गाभ्याला सिमेंटचा स्लॅब, पुढे टिनाचे शेड आणि वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, हौदाच्या जागी नळांची रांग अशी असते. दर ईदेला चुन्याचा हात फिरतो, अलीकडे हिरव्या ऑइलपेंटचा. अशा थरांखाली मिहराबीच्या कडेची वेलबुट्टी बुजत जाते. बोटाने चाचपली तर फुलाची पाकळी अजून लागते, डोळ्यांना मात्र नुसता फुगवटा दिसतो.