डिप्लॉयमेंट सर्व्हर (बेअर मेटल क्लाउड)

कोऱ्या सर्व्हरना नेटवर्कवरून सुरू करणारा, त्यांची नोंद ठेवणारा आणि मागणीनुसार त्यांच्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम चढवणारा संगणक. व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी संगणक) न बनवता अख्खा सर्व्हरच क्लाउडसारखा मागता आणि परत करता यावा, हा त्यामागचा हेतू. कॅनॉनिकल कंपनीचे ‘मास’ (२०१२) आणि ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या प्रणालीतील ‘आयरॉनिक’ ही या कामाची प्रचलित मुक्त सॉफ्टवेअर. ग्रामीण विदर्भात, म्हणजे तालुक्याच्या गावचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा मोठे रुग्णालय अशा ठिकाणी, ही यंत्रणा उभारायची तर देखभालीचे वेळापत्रक वीज, ऊन आणि धूळ हेच ठरवतात.

काम चालते ते असे. नवा सर्व्हर चालू केला की त्याचे नेटवर्क कार्ड पीएक्सई या नेटवर्कवरून सुरू होण्याच्या पद्धतीने (इंटेल, आवृत्ती २.१, १९९९) जाळ्यात हाक देते. डिप्लॉयमेंट सर्व्हरवरील डीएचसीपी ही सेवा त्याला जाळ्यातला पत्ता देते आणि पुढे कोणती फाइल उचलायची तेही सांगते. पहिली छोटी फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणीने येते. ही पद्धत मुळात ५१२ बाइटांचा एकेक तुकडा पाठवून प्रत्येकाची पोच घेत बसते. म्हणून कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि पुढचे जड सामान एचटीटीपीने आणणे बरे. मग मशीन केवळ मेमरीत चालणारी तात्पुरती सिस्टिम घेऊन आपले प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड मोजते, ती यादी कळवते आणि बंद होते. याला कमिशनिंग म्हणतात. पुढे कोणी मागणी केली की इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) डिस्कवर लिहिली जाते आणि पहिल्या बूटला क्लाउड-इनिट हे साधन मशीनचे नाव, वापरकर्ते, लॉगिनच्या किल्ल्या बसवते.

मशीन दुरून चालू-बंद करण्याचे काम मदरबोर्डवरील बीएमसी हा स्वतंत्र छोटा संगणक करतो. सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत तो जागा असतो. त्याच्याशी बोलण्याचे जुने मानक आयपीएमआय (१९९८), नवे रेडफिश (२०१५). आयपीएमआय २.० मध्ये जाळ्यावरचा कोणीही माणूस लॉगिन न करता पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा) मिळवून तो निवांत फोडत बसू शकतो. दोष मानकातच असल्याने अपडेटने जात नाही. बीएमसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळे पाडलेल्या जाळ्यात) ठेवणे आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे एवढेच हातात राहते. मात्र ज्या सर्व्हर-खोलीपर्यंत पोहोचायला एसटीची वाट पाहावी लागते, तिथे बीएमसीला पर्याय नाही. आत शिरणाऱ्या हवेचे तापमानही तोच सांगतो.

आणि ते तापमान रोज पाहावे लागते. सर्व्हरना १८ ते २७ अंश सेल्सिअस हवा मानवते. चंद्रपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश ओलांडतात. नवतप्यात एसी बंद पडला की खोलीत कूलर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोरड्या मे महिन्यात कूलरने हवा थंड होते खरी, पण पाण्याचे तुषार आणि क्षार आत जातात. पावसाळ्यात तर नुसता दमटपणा. त्यापेक्षा निम्मे नोड (मागणीनुसार दिले जाणारे सर्व्हर) बंद करून डिप्लॉयमेंट सर्व्हर आणि स्विच तेवढे चालू ठेवावेत. यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना ऊन सर्वात आधी लागते: २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बॅकअपची मिनिटे म्हणूनच एप्रिलआधी लोड टाकून मोजावीत. बॅटरीच्या कागदावरचा आकडा विदर्भासाठी छापलेला नसतो.

‘लाइन गेली’ यापेक्षा लाइन परत येते तो क्षण अवघड. सगळी मशीन एकदम उठली तर जनरेटरवर धक्का बसतोच. शिवाय डीएचसीपी तयार नसताना नोड हाक देऊन थकतात. ‘मास’मध्ये डिप्लॉय झालेले मशीनही दर बूटला आधी नेटवर्ककडे विचारणा करते आणि तिथून ‘स्वतःच्या डिस्कवरून उठ’ असे उत्तर आले की पुढे जाते. म्हणून आधी स्विच, मग डिप्लॉयमेंट सर्व्हर, मग स्टोरेज, शेवटी नोड हा क्रम पाळावा. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर काय करायचे ते ठरवता येते: डिप्लॉयमेंट सर्व्हरला ‘चालू’, नोडना ‘बंद’. नोड नंतर बीएमसीमार्फत एकेक करून उठवता येतात. वीज जाताना हाच क्रम उलटा. यूपीएस यूएसबीने जोडून हे काम यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या ‘नट’ या प्रणालीवर सोपवता येते.

काळ्या जमिनीचा त्रास अर्थिंगला. उन्हाळ्यात ती भेगाळते, इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते आणि रोध वाढतो. नेमक्या त्याच कोरड्या अर्थिंगवर मृगाआधीच्या विजा येतात. खड्ड्यात पाणी सोडत राहणे हा जुन्या वायरमनचा उपाय बरोबरच आहे. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असेल तर ती काढून फायबर टाकावे. जिनिंगच्या गावांत, हिंगणघाट किंवा यवतमाळच्या बाजूला, हंगामात रुईचे तंतू फिल्टरवर थर धरतात; वणीकडे कोळशाची भुकटी. फिल्टर दर आठवड्याला काढून झटकणे हे कुठल्याही सॉफ्टवेअर अपडेटइतकेच महत्त्वाचे.

इंटरनेट संथ असल्यास इमेज रात्री उतरवाव्यात. ‘मास’ पॅकेजसाठी (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांसाठी) स्वतःचा प्रॉक्सी, म्हणजे आणलेले साठवून ठेवणारा मध्यस्थ, चालवतो, त्यामुळे एक पॅकेज एकदाच बाहेरून येते आणि बाकीच्या नोडना ते घरातूनच मिळते. डिस्क मात्र नकळत भरते.

नोड अचानक भलताच पत्ता घेऊ लागले, तर आधी कोणीतरी वायफाय राउटर लॅन पोर्टमधून जोडला आहे का ते पाहावे. तोही डीएचसीपीची उत्तरे देऊ लागतो. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (फक्त ठरलेल्या पोर्टवरूनच अशी उत्तरे येऊ देण्याची सोय) चालू केल्यास ही कटकट मिटते.

‘मास’ची सगळी स्मृती पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये असते. तिचा रोजचा डंप (पूर्ण प्रत) दुसऱ्या इमारतीतील यंत्रावर जावा आणि अधूनमधून तो खरोखर परत उभा करून पाहावा. आवृत्ती बदलताना डेटाबेसची रचनाही बदलते, तेव्हा मागे फिरायचे तर आधीचा डंपच लागतो. अशा बदलाला दिवाळीची सुटी सोयीची: महाविद्यालय बंद असते, ऊन उतरलेले असते आणि दोन दिवस क्लाउड नसला तरी कोणी विचारायला येत नाही.