लाल मीडियममधलं छुपं संप्रेरक

गेल्या महिन्यात एका घरगुती कार्यात मावशीने पंगतीतच विचारलं, "दिवसभर कॅन्सरच्या पेशी हाताळतेस, तुला तो लागायचा नाही ना गं?" तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. कॅन्सर असा लागत नाही. दुसऱ्या माणसाच्या पेशी अंगात शिरल्याच, तर आपली प्रतिकारयंत्रणा सहसा त्यांना परकं ओळखून मारते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला जन्मभर औषधं घ्यावी लागतात, ती याच कारणाने. आम्ही हातमोजे घालतो ते मानवी पेशींसोबत एखादा विषाणू येऊ शकतो म्हणून, आणि आमच्या हातांवरचे जिवाणू पेशींना लागू नयेत म्हणूनही. एकदा बुरशी शिरली की महिन्याचं काम कचऱ्यात जातं.

माझ्या फ्लास्कमधल्या पेशींचं नाव एमसीएफ-७. १९७० साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ६९ वर्षांच्या एका ख्रिस्ती ननच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या. स्तनाचा कॅन्सर तिथवर पसरला होता. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सोल यांनी त्या वाढवल्या. एमसीएफ ही त्या संस्थेची आद्याक्षरं आणि सात म्हणजे सातवा प्रयत्न. त्या बाई त्याच वर्षी गेल्या. त्यांच्या पेशी आज जगभर वाढतात. भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांना त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात.

पेशी ठेवायच्या ३७ अंश सेल्सिअसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये. हा वायू त्यांच्या श्वासासाठी नसतो. मीडियममधल्या, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातल्या, बायकार्बोनेटशी मिळून तो सामू ७.४ च्या आसपास धरून ठेवतो. पेशी तळाला चिकटून बेटांसारख्या वाढतात. जागा भरत आली की ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर घालून त्या सोडवायच्या, विरळ करायच्या आणि नव्या फ्लास्कमध्ये टाकायच्या.

आता माझ्या आवडीची गोष्ट. मीडियम लालसर दिसतं ते फिनॉल रेड या रंगामुळे. शाळेतल्या फिनॉल्फ्थॅलीनचाच हा भाऊबंद. पेशींनी आम्ल सोडलं की पिवळा होतो, सामू चढला की गुलाबी-जांभळा. सगळे त्याला निव्वळ दर्शक समजत होते.

एमसीएफ-७ पेशींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ओळखणारं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेन या ग्राहीच्या खाचेत बसलं की त्या प्रथिनाच्या साखळीतलं बारावं वेटोळं झाकणासारखं मिटतं. त्या मिटलेल्या बाजूवर मदतनीस प्रथिनं येऊन बसतात, दोन ग्राहींची जोडगोळी डीएनएच्या ठरावीक जागी बसते आणि वाढीचे जनुक चालू होतात. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध त्याच खाचेत शिरतं, पण त्याची एक लांब भुजा बाहेर राहते आणि झाकण मिटू देत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं: जागा अडली, पण प्रवासी बसला नाही.

मात्र प्रयोगांत एक कोडं पडलं होतं. इस्ट्रोजेन घातलं तरी काही प्रयोगशाळांत पेशी फारशा जास्त वाढत नव्हत्या. उलट इस्ट्रोजेन घातलेलंच नसताना टॅमॉक्सिफेन वाढ रोखत होतं. प्रवासीच नाहीत, तर रुमालाने कुणाला अडवलं?

१९८६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या कॅट्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने उत्तर दिलं: प्रवासी मीडियममध्येच होते. फिनॉल रेड असलेल्या मीडियममध्ये पेशींची वाढ बिनरंगी मीडियमच्या दुप्पट होत होती, आणि बिनरंगी मीडियममध्ये टॅमॉक्सिफेनला रोखायला काही उरत नव्हतं. पण फिनॉल रेडची ग्राहीवरची पकड मोजली, तर ती इस्ट्राडायॉल या मुख्य इस्ट्रोजेनच्या जेमतेम एक लाखांश भरली. मीडियममध्ये तो मायक्रोमोलर प्रमाणात असतो आणि इस्ट्राडायॉल त्याच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे नॅनोमोलरच्या, आतही काम करतं, म्हणजे संख्याबळावर हिशेब जुळत होता. तरी १९८८ मध्ये आणखी एक उलगडा झाला. काम करत होता तो फिनॉल रेड नव्हताच, तो बनवताना त्यात राहून गेलेला किंचित मळ होता! लाखो रेणू नुसते बघे, आणि त्यांच्यातले मोजके घट्ट पकड घेणारे. एक लाखांश ही त्या सगळ्या गर्दीची सरासरी होती. हा भाग मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मला तितकाच आनंद होतो.

इतकी वर्षं "काहीच न घातलेली" म्हणून ज्या प्लेटशी तुलना व्हायची, तिच्यात संप्रेरकासारखं काम करणारं काहीतरी होतंच. म्हणून प्लेटमधल्या प्रयोगांच्या जोरावर "लक्ष्मणफळ किमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी" असे संदेश फिरताना पाहिले की मला राग येतो. प्लेटमधल्या पेशी मिठाने मरतात, व्हिनेगरनेही मरतात. अर्क किती घातला, तो कशात विरघळवला, तेवढं प्रमाण माणसाच्या रक्तात कधी पोचेल का, निरोगी पेशींचं काय झालं, यातलं काहीही त्या संदेशात नसतं. आणि ते वाचून कुणीतरी उपचार थांबवतं.

संप्रेरकाचा प्रयोग करायचा असला की आम्ही तीन दिवस आधी पेशी बिनरंगी मीडियममध्ये हलवतो. मीडियममध्ये घालतात त्या वासराच्या सीरममध्येही (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) इस्ट्रोजेन असतं, म्हणून ते कोळशाची पूड घालून आधी शुद्ध करून घेतो. रंग गेल्यामुळे सामू डोळ्यांनी कळत नाही. मग झाकणावर मार्करने तारीख लिहायची, मीडियम ठरल्या दिवशी न चुकता बदलायचं आणि रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बेटं कितपत पसरली ते पाहायचं.