हाड वाढलंय, पण दुखतंय दुसरंच

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. भिंत धरून दहा-वीस पावलं टाकली की ती ओसरते आणि संध्याकाळी पुन्हा ठणकायला लागते. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत आठ-आठ तास सिमेंटच्या जमिनीवर उभे राहणारे कामगार ही तक्रार सांगतात, आणि ओट्यापुढे कडक फरशीवर अनवाणी दिवस काढणाऱ्या बायकाही. एक्स-रे निघतो, टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं, आणि घरभर निदान फिरतं: ‘हाड वाढलंय.’

हाड वाढलेलं असतं, हे खरं. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तसंच टोक सापडतं. शिवाय दुखणं पूर्ण बरं झालं तरी ते टोक जागच्या जागी राहतं. म्हणून त्या टोकाला घाबरून ऑपरेशनचा विचार करू नका.

बहुतेकदा दुखतो तो प्लांटर फॅशिया: टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून गेलेला जाड, चिवट पट्टा. हाताने पायाचा अंगठा वर उचलून पाहा. तळव्याची कमान उंचावते आणि ताणलेला पट्टा हाताच्या बोटाला लागतो. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जाऊन आवळावा, तसा तो अंगठ्याच्या सांध्याभोवती आवळतो. हिक्स या संशोधकाने १९५४ साली हे कोडं उलगडून दाखवलं. पाऊल पुढे टाकताना दर वेळी हेच घडतं, आणि सगळा ताण टाचेच्या आतल्या बाजूला, पट्टा हाडाला चिकटतो तिथे येतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो. सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. जुनाट दुखण्यात तिथे सुजेपेक्षा तंतूंची झीज जास्त आढळते. त्यामुळे नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढणं मला पटत नाही.

आयुष्यात कधी ना कधी दहातल्या साधारण एकाला हा त्रास होतो, जास्त करून ४० ते ६० या वयात. वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, सपाट किंवा फार उंच कमानीचा तळपाय, दिवसभर उभ्याचं काम, ही त्यामागची मुख्य कारणं. आणखी एक म्हणजे अचानक वाढलेलं चालणं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी कितीतरी जण अनवाणी करतात. वर्षभर न चाललेल्या पायांवर एका रात्रीत सुमारे २० किलोमीटर पडतात. फेरी सोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. आषाढ लागला की रोज थोडं थोडं चालायला लागा, एवढंच.

मात्र प्रत्येक टाचदुखी हीच नसते. मागच्या बाजूला, पोटरीची दोरी टाचेला मिळते तिथे दुखत असेल तर ते अकिलीस शिरेचं दुखणं. उतारवयात टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, मग ऐन मधोमध ठेचल्यासारखं दुखतं. ८ ते १४ वर्षांच्या खेळत्या मुलांत हाडाच्या वाढीच्या जागी ताण येतो. मूल कामचुकारपणा करतंय असं समजून त्याला रागावू नका. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली राहत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवाच. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव जात असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते.

पट्ट्याच्या दुखण्यावर सोपा व्यायाम आहे. पलंगावरून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा, दहा मोजा. असं दहादा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, घरातही मऊ तळाची चप्पल घाला. गुण यायला महिने लागतात. पण बहुतेकांना ऑपरेशनशिवाय वर्षभरात आराम पडतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे कळ थांबवतं, मात्र ते वारंवार घेतल्यास गादी झिजते, पट्टा तुटूही शकतो.

आपल्याकडे तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकतात. उबेने बरं वाटतं. पण घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांना वीट देऊ नका. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग चटका कळत नाही, आणि टाचेवर झालेली जखम चिघळत जाते.