मेंगजियांग आणि सुनीदचे राजघराणे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानच्या आश्रयाने आतल्या मंगोलियात उभे राहिलेले मांडलिक राज्य. राजधानी कालगान (आजचे झांगजियाकोऊ). नामधारी प्रमुख राजपुत्र देम्चुगदोंग्रुब (१९०२–१९६६), चिनी लोकांच्या तोंडी 'दे वांग'.

चीनच्या चिंग राजवटीने मंगोल मुलूख 'खोशू' नावाच्या घटकांत वाटून दिला होता. प्रत्येक खोशूवर चंगीझखानाच्या बोर्जिगिन कुळातला किंवा तशाच मानाच्या घराण्यातला वंशपरंपरागत राजा असे. त्याला झासाग म्हणत. सुनीद उजव्या खोशूची ही गादी १९०८ मध्ये वडील वारल्यावर सहा वर्षांच्या देम्चुगदोंग्रुबकडे आली.

त्याच्या राजकारणाचे मूळ जमिनीत होते. हान (बहुसंख्य चिनी) शेतकऱ्यांच्या वसाहती कुरणे नांगरत पुढे सरकत होत्या. १९२८ मध्ये चीन सरकारने हा मुलूख चाहार, सुइयुआन अशा प्रांतांत घातला आणि मेंढपाळांना दाद मागायला जागा उरली नाही. १९३३ मध्ये बाइलिंगमियाओच्या मठात जमलेल्या राजांनी स्वायत्तता मागितली. पुढच्या वर्षी नानकिंगच्या चीन सरकारने स्वायत्त परिषद मंजूर केली खरी, पण प्रांताधिकाऱ्यांपुढे तिचे काही चालेना. ही कोंडी झाली नसती, तर दे वांग जपानकडे इतक्या सहज वळला नसता.

१९३६ मध्ये त्याने जपानच्या शस्त्रांवर लष्करी सरकार स्थापले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुइयुआनच्या लढाईत चिनी सेनापती फू झुओयीच्या फौजेने बाइलिंगमियाओ हिसकावून घेतले. १९३७ मध्ये जपानी सैन्य स्वतःच आत घुसले, तेव्हा कुठे राज्य हाती आले. १ सप्टेंबर १९३९ रोजी दक्षिण चाहार आणि उत्तर शान्सी जोडून मेंगजियांग बनले. कालगणना चंगीझखानाच्या १२०६ मधील राज्यारोहणापासून, म्हणून ते वर्ष ७३४वे! प्रजेत मात्र हान बहुसंख्य होते. कारभार जपानी सल्लागार पाहत. दातोंगचा कोळसा, लोंगयेनचे लोखंड आणि अफूचा पैसा हीच त्यांना खरी गरज होती. दे वांगने स्वातंत्र्याची मागणी वारंवार केली. तोक्योने १९४१ मध्ये नाव बदलून दिले, सत्ता दिली नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत आणि मंगोलियन फौजा आल्या आणि राज्य संपले. १९४९ मध्ये आतल्या मंगोलियाच्या पश्चिमेकडील आलाशानात दे वांगने पुन्हा स्वायत्त सरकार उभारले. तेही टिकले नाही. मग तो मंगोलियात गेला. तिथे त्याला अटक झाली आणि १९५० मध्ये त्याला चीनच्या हवाली करण्यात आले. १९६३ मध्ये माफी मिळाल्यावर होहोतच्या संग्रहालयात काम करत त्याने अखेरची वर्षे काढली.