ओव्हरीच्या कॅन्सरनंतर ‘आराम कर’पासून ‘चाल’पर्यंत

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरची केमो संपवून बाई घरी आली की आधी पेज, मग अंथरूण, आणि शेजारची काकी दारातूनच सांगणार, ‘आता कशाला हात लावू नकोस हां’. काकीला हसू नका, एके काळी डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे. अमेरिकेत सिस्प्लॅटिन ह्या केमोच्या औषधाला १९७८ मध्ये आणि टॅक्सॉल ह्या दुसऱ्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली, तोवर बाई वाचेल का हीच मोठी काळजी, नंतर तिचे दिवस कसे जातील हे कोण विचारतंय!

कॅन्सर आणि व्यायाम ह्यावरचं सुरुवातीचं संशोधन झालं ते ब्रेस्ट कॅन्सरवर. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात विनिंगहॅम आणि मॅकव्हिकर ह्या नर्सिंगमधल्या दोघींनी केमो चालू असलेल्या बायकांना सायकल मारायला लावली. ओव्हरीवाल्या मागेच राहिल्या, कारण पेशंट कमी, रोग कळतो उशिरा आणि पोटाचं ऑपरेशन मोठं.

वजनाचं तर भलतंच. पोटात पाणी भरलेलं असतं तेव्हा काटा जास्त दाखवतो आणि हातपाय मात्र काटक्या झालेले, पाणी काढलं की किलो उतरतात आणि घरचे घाबरतात. मग ओव्हऱ्या काढल्यामुळे ज्यांची पाळी चालू होती त्यांची एकदम बंद, त्यात हालचाल कमी, म्हणून वजन चढायला लागतं तेव्हा तेच घरचे म्हणतात तब्येत सुधारली! स्नायू गेले आणि चरबी आली हे काट्याला कळत नाही, बीएमआयलाही (उंची-वजनाच्या हिशेबाला) नाही. त्यात आपल्याकडे २००९ पासून २३ च्या वर जादा वजन धरतात, २५ नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही.

२०१० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने स्पष्ट सांगितलं की कॅन्सरनंतर नुसतं बसून राहू नका. ओव्हरीवर नीट अभ्यास आला तो २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा, १४४ बायका, सहा महिने, दर आठवड्याला फोनवरून समुपदेशन, आणि व्यायाम म्हणजे बहुतेक चालणंच. शरीराच्या बाजूने रोजचं जगणं सुधारलं. आयुष्य वाढतं असा दावा मात्र त्यात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवाले तो परस्पर चिकटवतात.

त्याच अमेरिकन कॉलेजच्या २०१९ च्या सल्ल्यात आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम, वर दोनदा ताकदीचा. पण पोटाच्या टाक्याजवळ हर्निया असेल तर वजन उचलण्याआधी सर्जनला विचारायचं, आणि टॅक्सॉलने तळपाय बधिर झाले असतील तर पणजीत मिरामार किनाऱ्याच्या वाळूत अनवाणी नको, कांपालच्या फुटपाथवर बूट घालून चाललेलं बरं.